घरची बोली आणि शाळेची भाषा
(नगर जिल्ह्यातील जैन मुलांच्या प्राथमिक शिक्षणाचा एक मागोवा)

भगवान महावीरांनी आपली देशना संस्कृतात दिली नाही, अर्धमागधीत दिली, हे प्रत्येक जैन घरातील मुलास पाठशाळेच्या पहिल्याच वर्षी सांगितले जाते. त्याच्या जोडीने आणखी एक गोष्ट सांगितली जाते. समवसरणात बसलेल्या प्रत्येक श्रोत्यास ती वाणी आपापल्या भाषेत परिणत होऊन ऐकू येत असे. श्रद्धेच्या दृष्टीने हा तीर्थंकरांचा अतिशय होय. शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात एक साधे तत्त्वही दडलेले आहे. सांगणाऱ्याची भाषा एक असली तरी समजणे हे ऐकणाऱ्याच्या भाषेत घडते. गुरुजींनी फळ्यावर काहीही लिहिले तरी मुलाच्या मनात त्याचा अर्थ प्रथम घरच्या बोलीतच उमटतो.

जैन आचार्यांचे लोकभाषांकडे लक्ष असे, याचा एक ठळक पुरावा मारवाडातच आहे. उद्योतनसूरींनी शके ७००, म्हणजे इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे ‘कुवलयमाला’ हा प्राकृत ग्रंथ पूर्ण केला. त्यात एका बाजारपेठेचे वर्णन आहे. निरनिराळ्या देशांचे व्यापारी तेथे जमले आहेत आणि प्रत्येकाच्या बोलण्यातील लकब आचार्यांनी नेमकी टिपली आहे. मराठ्यांचे वर्णन करताना ‘दिले’, ‘घेतले’ या अर्थाची ल-कारान्त रूपे त्यांच्या तोंडी घातली आहेत. बाराशे वर्षांपूर्वी जालोरच्या उपाश्रयात बसलेल्या साधूच्या कानावर मराठी पडली होती आणि ती त्यांनी देण्याघेण्याच्या शब्दांतून ओळखली, हे वाचून आजच्या व्यापाऱ्यास हसू येईल. श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या पायाशी चामुंडरायाचा निर्देश करणारा जुना मराठी लेख आहे, तो सर्वांस ठाऊकच आहे. मराठी आणि जैन यांचा संबंध शाळेपासून सुरू झाला, असे म्हणता येणार नाही.

नगर जिल्ह्यात आज जी ओसवाल घराणी दिसतात, त्यांतील पुष्कळांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात मारवाडातून आले. काही त्याआधीही आले होते. लोटा, दोर आणि खांद्यावर गाठोडे असे त्या प्रवासाचे वर्णन घरोघरी ऐकावयास मिळते. ते खरे असले तरी सर्वांच्या बाबतीत सारखे खरे नाही. १८७८ मध्ये धोंड-मनमाड रेल्वे सुरू झाली, नगर, बेलापूर, पुणतांबे, कोपरगाव ही स्थानके झाली आणि गोदावरी-प्रवरेच्या मुलखातील व्यापारास नवी वाट मिळाली. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या नगरच्या गॅझेटियरात मारवाडी वाण्यांची स्वतंत्र नोंद आहे. शिर्डीच्या शेजारी राहात्यात मारवाडी शेठ होते. त्यांपैकी खुशालचंद यांचा उल्लेख ‘श्रीसाईसच्चरिता’त आला असल्यामुळे ते नाव शिर्डीस येणाऱ्या दूरदूरच्या भाविकांनाही परिचित आहे.

ही घरे एका ठिकाणी वसली नाहीत, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. एका खेड्यात एक घर, दुसऱ्यात दोन, बाजाराच्या गावी दहा-पंधरा, अशी ती विखुरली. घराच्या उंबऱ्याच्या आत मारवाडी, बाहेर मराठी. मुंबईत गुजराती समाजास आपल्या शाळा काढता आल्या, कारण तेथे एका पेठेत शंभर घरे होती. राहाता, बेलापूर किंवा पाथर्डी येथील शेठास ते कसे शक्य व्हावे? आणि खरे सांगावयाचे तर कोणी तशी मागणी केल्याचेही ऐकिवात नाही.

मारवाडात मुलांना शिकविण्याची आपली एक पद्धत होती. तिला पोसाळ म्हणत. हा शब्द ‘पौषधशाला’ यावरून आला. यती किंवा ‘गुरांसा’ तेथे मुलांना अक्षर-ओळख, पाढे आणि वाणिकी हिशेब शिकवीत. इकडे महाराष्ट्रात पंतोजींची शाळा होती. धुळाक्षरे, मोडी, पावकी-निमकी-पाउणकी, सवायकी-दिडकी-अडीचकी हा तिचा अभ्यासक्रम. दोन्हींचा हेतू एकच असल्यामुळे मारवाडातून आलेल्या मुलास पंतोजींची शाळा फारशी परकी वाटली नसावी. फरक पडला तो लिपीत. पेढीवर वह्या लिहिल्या जात त्या महाजनी किंवा मुडिया लिपीत. या लिपीत काना-मात्रा बहुधा गाळलेल्या असत. ‘काकाजी अजमेर गया’ असे लिहिलेले पत्र ‘काकाजी आज मर गया’ असे वाचले गेले आणि घरात रडारड झाली, ही गोष्ट मारवाडी घरांत पिढ्यान्‌पिढ्या हसत हसत सांगितली जाते.

परंतु या लिपीची दुसरी बाजू हसण्यासारखी नव्हती. कुळाला वाचता येत नसे आणि वहीत काय लिहिले आहे ते शेठच सांगणार. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला आणि त्याचे लोण नगर जिल्ह्यातील गावांतही पोहोचले. शेतकऱ्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. ते कागद चौकात आणून जाळण्यात आले. समाजाच्या स्मरणिकांतून हे प्रकरण बहुधा वगळले जाते. तसे करणे योग्य नव्हे. त्यामागे दुष्काळाची छाया होती, सारावाढ होती, कापसाचे भाव कोसळले होते, व्याजाचे दरही होते. हे सर्व खरे, पण एकाचा कागद दुसऱ्यास वाचता येत नव्हता, हेही एक कारण होतेच. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने ग्रामनिबंधकासमोर दस्त करण्याची व्यवस्था आणली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेत मोडी व बालबोध वाचन-लेखन आणि हिशेब शिकवावेत असे सुचविले. सात वर्षांपूर्वी जळालेल्या त्या वह्या आठवल्या की या सूचनेचा अर्थ अधिक चांगला उमगतो.

सरकारी शाळेची भाषा कोणती असावी, याचा वाद मुंबई इलाख्यात त्याआधीच होऊन गेला होता. १८४० मध्ये स्थापन झालेल्या शिक्षण मंडळात सर अर्स्किन पेरी यांनी इंग्रजीचा पक्ष घेतला, तर जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्विस यांनी देशी भाषांचा. नाना शंकरशेट स्वतः इंग्रजी जाणणारे मोठे व्यापारी, पण सामान्य मुलास ज्ञान द्यावयाचे तर ते त्याच्याच भाषेतून, असा त्यांचा आग्रह होता. १८५४ च्या वुडच्या खलित्याने प्राथमिक शिक्षणासाठी देशी भाषांना मान्यता दिली. मोल्सवर्थचा कोश आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण ही साधने तोवर तयार झालेली होती. तालुक्या-तालुक्यात मराठी शाळा निघाल्या आणि मारवाडी, गुजराती, मुसलमान, तेलुगू घरांतील मुलेही त्यांत बसू लागली. ‘मातृभाषेतून शिक्षण’ म्हणजे व्यवहारात ‘प्रदेशाच्या भाषेतून शिक्षण’ असा अर्थ झाला, तो असा.

मग या मुलांचे काय झाले? त्यांना अडचण आलीच नाही असे नव्हे. घरात ‘बाई’ म्हणजे बहीण किंवा मुलगी; शाळेत ‘बाई’ म्हणजे छडी घेतलेल्या शिक्षिका! घरात ‘कठे’ आणि ‘अठे’, शाळेत ‘कोठे’ आणि ‘येथे’. मारवाडीत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत, मराठीत तिसरे नपुंसकलिंग. त्यामुळे ‘ते पुस्तक’ की ‘ती पुस्तक’ याचा घोळ कित्येकांच्या बोलण्यात म्हातारपणापर्यंत राहिला. गुजराती मुलांना हा त्रास कमी, कारण त्यांच्या भाषेत तिन्ही लिंगे आहेत. उलट ‘ण’ आणि ‘ळ’ ही अक्षरे मारवाडी मुलाच्या जिभेवर जन्मापासून असतात. त्याच्या घरी ‘पाणी’च म्हणतात, ‘पानी’ नव्हे. ‘जीमणो’ आणि ‘जेवणे’ ही तर एकाच घरची भावंडे. हिंदी ही मारवाडी माणसाची स्वाभाविक शाळा-भाषा आहे असे जे पुढे गृहीत धरले गेले, त्याला कानांची साक्ष मिळत नाही. नगर जिल्ह्यातील मारवाडी मुलाच्या कानास मराठीच जवळची होती.

आणि शाळेत जे कमी पडे ते दुकानात भरून निघे. कापडाच्या दुकानाचेच उदाहरण घ्यावे. शाळा सुटल्यावर मुलगा गादीवर येऊन बसला की गिऱ्हाईक त्याचे मास्तर होई. लुगड्याचा काठ, पदर, पन्हा, खणाची वीण, रंग उडेल की टिकेल, लग्नाच्या बस्त्याला किती जोड्या लागतील, मानपानाचे कोणास काय द्यावे, हे सारे शब्द खेड्यातील आयाबाया त्याला शिकवीत. व्याकरणात तो चुके, पण भाव करताना कधीही अडत नसे. घरची मारवाडी, पेढीची मराठी आणि शाळेची मराठी यांत शाळेचा वाटा एकतृतीयांशाहून अधिक होता, असे म्हणणे धाडसाचे होईल.

मुलींची गोष्ट मात्र वेगळी होती. त्यांना गादीवर बसावयाचे नव्हते. चौथीनंतर पुष्कळींची शाळा सुटे. सासरी आलेली सून कधी थेट मारवाडातून आलेली असे. तिला शेजारणीशी बोलण्यापुरती मराठी यावयास वर्षे लागत. घरात मारवाडी टिकली ती या स्त्रियांमुळे, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण त्याच स्त्रियांना मुलाच्या पाटीवर काय लिहिले आहे ते कळत नव्हते, ही किंमतही त्यांनीच मोजली. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते याच नगर शहरात, मिस फॅरार यांच्याकडे. इतक्या जवळ असलेला तो दिवा आपल्या घरांपर्यंत पोहोचावयास दोन-तीन पिढ्या लागल्या.

स्थानकात आणि मंदिरात भाषांचा आणखी एक थर असे. सामायिक-प्रतिक्रमणाची सूत्रे अर्धमागधीत, साधु-साध्वींची प्रवचने हिंदीत किंवा मारवाडी वळणाच्या हिंदीत, गुजराती मूर्तिपूजक कुटुंबांत स्तवने गुजरातीत. आठ वर्षांचे मूल दिवसभरात चार भाषांतून फिरून येत असे आणि त्यास कोणी ‘बहुभाषिक’ असे मोठे नाव दिलेले नव्हते. आचार्यसम्राट पूज्य आनंदऋषीजी महाराज याच मातीतले. १९०० साली पाथर्डी तालुक्यातील चिचोंडी येथे त्यांचा जन्म झाला आणि १९१३ मध्ये मिरी येथे रत्नऋषीजींच्या चरणी त्यांची दीक्षा झाली. मराठी मुलखात वाढलेल्या या बालकाने पुढे संस्कृत, प्राकृत, हिंदी आणि इतर अनेक भाषांचा अभ्यास केला. १९३६ मध्ये पाथर्डीस त्यांच्या प्रेरणेने तिलोकरत्न स्थानकवासी जैन धार्मिक परीक्षा बोर्ड स्थापन झाले. धार्मिक शिक्षणास पायऱ्या लावून परीक्षा घेण्याची ही योजना देशभरच्या स्थानकवासी पाठशाळांत पोहोचली. त्याच पाथर्डीत श्री तिलोक जैन ज्ञानप्रसारक मंडळाची शाळा मात्र सर्व समाजांच्या मुलांसाठी, मराठीतून. धर्माची परीक्षा एका भाषेत आणि गावाची शाळा गावाच्या भाषेत, ही विभागणी कोणी ठराव करून केलेली नाही, पण ती विचारपूर्वक झालेली दिसते. नगरपासून दूर, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तीही एका जैन गृहस्थाने बहुजनांसाठी काढलेली मराठी शाळाच होय. कोपरगाव-श्रीरामपूरकडील कितीतरी जैन मुले पुढे ‘रयत’च्या शाळा-महाविद्यालयांत शिकली.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नगरचे कुंदनमल शोभाचंद फिरोदिया हे १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. मराठी, गुजराती आणि कन्नड अशा तीन भाषांच्या जिल्ह्यांचा तो प्रांत. घरी मारवाडी वारसा असलेला नगरचा वकील त्या सभागृहाच्या खुर्चीवर बसला, यात त्या जुन्या मराठी शाळेचा वाटा आहेच. त्याच काळात, ऑगस्ट १९४९ मध्ये, प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने ठराव केला की शाळेत एका भाषेची ४० किंवा वर्गात १० मुले असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याचा प्रयत्न करणे हे राज्यांचे कर्तव्य ठरले. महाराष्ट्रात उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी, हिंदी या माध्यमांच्या शाळांना त्याचा लाभ मिळाला. १९६७ मध्ये स्थापन झालेली बालभारती मराठी-इंग्रजीसह आठ भाषांत पाठ्यपुस्तके काढीत आली आहे.

मारवाडीचे नाव त्या आठांत नाही. ‘४० किंवा १०’ हा आकडा विखुरलेल्या घरांना कधीच गाठता आला नसता. शिवाय जनगणनेत मारवाडी ही हिंदीच्या खाती जमा होते. २०११ मध्ये देशभरात सुमारे ७८ लाख लोकांनी मारवाडी ही मातृभाषा सांगितली, तरी ती बेरीज हिंदीतच गेली. राजस्थान विधानसभेने २००३ मध्ये राजस्थानीस आठव्या अनुसूचीत घ्यावे असा ठराव केला. ते अद्याप झालेले नाही. वाणी माणसाच्या शब्दांत सांगावयाचे तर आपल्या खात्यातील रक्कम दुसऱ्याच्या नावे जमा दिसते आणि कोणी तक्रारही करीत नाही.

पाथर्डी-शेवगावकडे बंजारा समाजाचे तांडे आहेत. त्यांची गोरबोली भाषाशास्त्रज्ञ राजस्थानी भाषांच्या जवळची मानतात. म्हणजे एकाच मराठी वर्गात शेठचा मुलगा आणि तांड्यावरचा मुलगा हे दोघेही राजस्थानकडच्या बोली घेऊन येत. दोघांनाही ‘ते’ आणि ‘ती’ यांचा घोळ होई. पण एक पुढे व्हर्नाक्युलर फायनल होऊन दुकान सांभाळू लागला आणि दुसरा आईबापांबरोबर ऊसतोडीस गेला. एकाच्या घरी दौत, टाक आणि हिशेब होते, दिवाळीपर्यंत गावात राहण्याची निश्चिती होती. दुसऱ्याकडे यांतील काहीच नव्हते. घरची बोली शाळेपेक्षा वेगळी असूनही आपली मुले तरली, हे खरे. पण ‘आमची मुले शिकली, मग यांना काय झाले?’ असे विचारण्याचा अधिकार त्यामुळे मिळत नाही. परभाषेतील शाळेचा भार पेलण्यास घराचा आधार लागतो. तो ज्यास नाही त्यास निदान पहिली दोन वर्षे त्याच्या बोलीत बोलणारा कोणी तरी वर्गात हवा.

जून २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. पुढे सेमी-इंग्रजी वर्ग निघाले आणि तालुक्याच्या गावोगाव इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या पिवळ्या बसगाड्या फिरू लागल्या. जैन समाज या बाबतीत आघाडीवर राहिला. आपल्या ट्रस्टांनीही इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढल्या, त्या उत्तम चालतात आणि त्यांच्या प्रवेशासाठी रांगा लागतात. मुलाने डॉक्टर व्हावे, सी. ए. व्हावे, परदेशी जावे, यात वावगे काहीच नाही. मात्र पूर्वीच्या परभाषेच्या शाळेत आणि या शाळेत एक फरक आहे. मराठी शाळेतून आलेल्या मुलास तीच भाषा गल्लीत, बाजारात, शेजारी मिळत असे. इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलास ती फक्त पुस्तकात आणि पडद्यावर मिळते. घरी त्याच्याशी ‘अभ्यासास मदत व्हावी’ म्हणून आई मोडक्या इंग्रजीत किंवा हिंदीत बोलते. परिणामी मारवाडी गेली, मराठी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर गेली आणि इंग्रजी पाठांतरापुरती आली. हे सर्वच घरांत घडते असे नाही, परंतु ज्या घरांत आजी-आजोबा वेगळे राहतात तेथे प्रकर्षाने दिसते.

कायदा या बाबतीत पालकांच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात माध्यम ‘शक्य तेथवर’ मातृभाषा असावे, असे म्हटले आहे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकच्या प्रकरणात निकाल दिला की शासन मातृभाषेची सक्ती करू शकत नाही. मुलाची मातृभाषा कोणती हे पालकांनी ठरवावयाचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हे माध्यम असावे असे सुचविले. त्याच वर्षी महाराष्ट्राने सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि प्राकृत या दोन्हींस एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. जैन माणसाला याहून दुहेरी आनंदाचा दिवस कोणता? त्यानंतर सहाच महिन्यांनी, एप्रिल २०२५ मध्ये, पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करण्याचा शासननिर्णय निघाला. जूनमध्ये तो सुधारण्यात आला आणि हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी असल्यास वर्गात किमान २० मुले हवीत अशी अट घालण्यात आली. २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमण्यात आली. १९४९ चा ‘१०’ हा आकडा येथे ‘२०’ झाला, एवढेच विखुरलेल्या बोलींच्या दृष्टीने नोंदवून ठेवावे. त्या गदारोळात मारवाडीचा, गोरबोलीचा किंवा अकोल्याच्या डोंगरातील ठाकरांच्या बोलीचा विषय कोणी काढला नाही.

शिर्डीत आता या प्रश्नाचे रूप अधिकच गुंतागुंतीचे झाले आहे. आंध्र आणि तेलंगणातून येणाऱ्या भाविकांमुळे दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू अक्षरे दिसतात आणि हार-प्रसादाच्या दुकानातील मराठी मुलगा तेलुगूत भाव सांगतो. ती भाषा त्याने कोणत्याही शाळेत शिकलेली नाही. जुन्या गादीवरची ती रीत येथे वेगळ्या वेशात चालू आहे. हॉटेलांत, भक्तनिवासांत, बांधकामावर काम करणारी कुटुंबे उत्तर प्रदेश-बिहारकडून आली आहेत. त्यांची मुले जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत बसतात. घरी भोजपुरी किंवा अवधी, शाळेत मराठी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी राहात्याच्या मराठी शाळेत पहिल्या दिवशी बसलेल्या मारवाडी मुलाच्या जागी आज ती आहेत. जैन कुटुंबांतील फारच थोडी मुले आता त्यांच्या शेजारी बसतात.

रविवारच्या पाठशाळेत मुले अजूनही येतात. प्रतिक्रमणाची सूत्रे पाठ करण्यासाठी कित्येकांना आता ती रोमन अक्षरांत छापलेली लागतात. त्या अक्षरांत ‘न’ आणि ‘ण’ एकच, ‘ल’ आणि ‘ळ’ एकच. ‘णमो’ की ‘नमो’, हे पुस्तकावरून कळत नाही. शिकविणाऱ्या बाईंना ते तोंडाने म्हणून दाखवावे लागते. अर्थ विचारला तर त्या आधी हिंदीत सांगतात, मग मराठीत, आणि तरीही मूल गप्प राहिले तर इंग्रजी शब्द शोधतात. मारवाडीत सांगण्याची वेळ आता सहसा येत नाही, कारण ती समजणारे मूल वर्गात क्वचितच असते. एखादी आजी नातवास न्यावयास लवकर येते, दाराशी बसते आणि सूत्र चालू असताना ओठांतल्या ओठांत पुढची ओळ म्हणत राहते. तिला ते सारे पाठ आहे, आणि तिची मराठी शाळा चौथीत सुटलेली आहे.